जुळ्यातलं उरलेलं घर

आगाशीच्या बाजारात कॅमेरा बाहेर काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्युनिसिपालटीकडून आलात का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग बिल्डरकडून?" तेही नाही म्हटलं की माणसं गोंधळतात. मग ही बाई आमच्या दुकानाच्या फळ्यांचे फोटो कशासाठी काढतेय? मला जुनी घरं आवडतात, असं मी खरं तेच सांगते आणि त्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. एका किराणावाल्याने तर मला खुर्चीवर बसवून, चहा पाजून, अगदी प्रेमाने विचारलं होतं, "आता खरं सांगा मॅडम, रस्ता किती रुंद होणार?"

विरारला माझा फ्लॅट आहे. आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी सकाळी बस धरून आगाशी, बोळिंज, निर्मळ, जिकडे मन होईल तिकडे जायचं, हा नाद मला गेल्या काही वर्षांत लागला. दुकानांवरचे लाकडी सज्जे, कौलांवर उगवलेलं गवत, ख्रिस्ती घरांसमोरचे पांढरे क्रूस, निळीच्या चुन्याने रंगवलेल्या आणि मग पावसाने पुसत आणलेल्या भिंती. घरी मला सगळे हसतात. लोक सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये जातात आणि ही दुसऱ्यांच्या भिंती बघत फिरते, असं माझा मुलगा त्याच्या मित्रांना सांगतो. सांगू दे.

या नादात मला सगळ्यात जास्त त्रास कुणी दिला असेल तर त्या घरांत राहणाऱ्यांनी. आपल्याकडच्या माणसांना घर आहे तसं दाखवायची भयंकर लाज वाटते. कॅमेरा दिसला रे दिसला की दांडीवरचे कपडे आत जातात. ओटीवरची पाट्या-फावडी मागच्या दारी जातात. "थांबा, जरा केर काढते," म्हणून बाई आत पळते ती साडी बदलूनच बाहेर येते. तोवर घरधनी प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या मांडून ठेवतो, बरोब्बर त्या कोरीव दाराच्या समोर. आणि एवढं करूनही समाधान नसतंच. "ह्या पडक्याचा काय काढता? पलीकडे माझ्या भावाचा नवीन बंगला आहे, त्याचा काढा." मी गोड बोलते, थांबते, खुर्च्या हलवते. मनात चरफडते.

रविवारी संध्याकाळी त्या दिवसाचे फोटो मी आईला कॉम्प्युटरवर दाखवते. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच आहे. तिचे गुडघे गेलेत, पण डोळे आणि जीभ शाबूत आहेत. तिचं माहेर आगाशीच्या पुढे, खाडीच्या अंगाला. केळीच्या बागा, थोडी भातशेती, भाजीच्या जुड्या बांधून बाजाराला पाठवणारी माणसं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण फोटो बघताना ती आपोआप तिथली बोली बोलायला लागते. "हे कोनाचं? अगं, हे तर भजनीबुवांचं. ह्यांच्या पोरीचं लग्न मोडलेलं." मी एका दाराची कमान कशी सुंदर आहे ते सांगत असते आणि ती त्या दारातून कोण कोण रुसून बाहेर पडलं ते सांगत असते. आमची मजा चालते.

अशाच एका रविवारी सगळे फोटो बघून झाल्यावर ती म्हणाली, "सगळ्या गावाची घरं आनलीस. आपलं तेवढं नाय."

ते कुठून आणणार? आपलं घर आता नाहीच. आजोबांनी बांधलेलं ते घर माझ्या मामाने विकलं आणि तिथे आता चार मजली बिल्डिंग उभी आहे. मामाचीही कारणं होती. मुलं दूर गेली होती, बाग बघायला कुणी नव्हतं. आईने भावाशी बोलणं सोडलं नाही, पण त्या रस्त्याला जाणं कायमचं सोडलं. लग्नकार्याची बोलावणी आली तरी ती त्या गावात पाऊल टाकत नाही. "आधी ती बिल्डिंग दिसंल," म्हणते, "मग बाकीचं." मी रिक्षाने नेते म्हटलं, पडदा लावून नेते म्हटलं. नाही म्हणजे नाही.

त्या घराचा फोटोसुद्धा नाही. म्हणजे आईच्या लग्नाचे आहेत, ओटीवरच काढलेले. विरारहून फोटोग्राफर आणला होता. पण मागचं घर जुनं दिसू नये म्हणून माझ्या आजीने ट्रंकेतली कोरी चादर काढून दोन खांबांना ताणून बांधली. मोठमोठ्या गुलाबांची चादर. फोटोत नवरानवरी दिसतात, गुलाब दिसतात, आणि कडेला खांबाचा बोटभर तुकडा दिसतो. आमच्या घराचा एवढाच पुरावा शिल्लक आहे.

"पुढचं दार, ओटी आन तो उजवीकडचा खांब," आई म्हणाली, "एकदा दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. आता किती दिवस ऱ्हायले माझे?" आई असलं बोलणाऱ्यांतली नाही. वयाचा विषय काढला की चिडते. म्हणून ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

मग मला दुसरं घर आठवलं. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले तेव्हा भांडण नको म्हणून एकाच मिस्त्रीकडून, एकाच मापाची दोन घरं बांधून घेतली होती. तेच खांब, तोच कठडा, माळ्याला तीच लाकडी जाळी, दोन्हींची तोंडं पश्चिमेला. मधे बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. लहानपणी मी सुट्टीत जायचे तेव्हा संध्याकाळी खेळून येताना एकदा चुकून त्याच घरात शिरले होते आणि जेवून पण आले होते. आमचं घर गेलं, बावखल बुजवून तिथे गाड्या लागायला लागल्या, पण धाकट्या आजोबांचं घर अजून उभं होतं. तिथे आता आईच्या चुलतभावाची बायको, म्हणजे माझी मामी, राहते. ते चुलतमामा गेले. मामीचा मुलगा, सून आणि ती. एका घराचा फोटो नाही तर त्याच्या जुळ्याचा काढू, असं मी ठरवलं आणि आईला तसं सांगितलंही. ती हसली नाही की नको म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "बिल्डिंग येऊ देऊ नको त्यात."

थंडीचे दिवस होते. मी सकाळी गेले. मामी गाऊनवर टॉवेल टाकून ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून तिला कोण आनंद झाला. घर तसंच होतं. अगदी तसंच. सागाचे खांब काळपट पडलेले, भिंतींवर निळसर चुना, जागोजाग पोपडे. आणि उजवीकडच्या खांबावर, माणूस खाली बसल्यावर पाठ टेकते त्या उंचीवर, तेलकट काळा गुळगुळीत डाग. पिढ्यान्‌पिढ्या पाठी टेकून टेकून लाकडाला आलेली चकाकी. आमच्या घरीही असाच डाग होता. आजोबा बागेतून आले की त्या खांबाला टेकून बसायचे, आणि आई म्हणते, तिला शोधायचं असेल तर आजी तिथेच बघायची, बापाच्या पाठीमागे. मी त्या डागावरून हात फिरवला. मी एकदम इतकी लहान झाले की काय सांगू.

पण फोटो काढता येईना. सूर्य घराच्या मागे, ओटी सगळी सावलीत. आणि अंगणात टेम्पो उभा. माझ्या मामेभावाचा सातिवलीला गाळा आहे, लोखंडी कपाटं बनवतो. कपाटांचे पत्रे उतरवून घेत होते ते नेमके दारासमोर. मी फिरून फिरून जागा बघितली. अंगणातल्या मोरीच्या कोपऱ्यात उभं राहिलं की शेजारची बिल्डिंग फणसाच्या झाडाआड पूर्ण लपत होती. पुढच्या रविवारी चारच्या सुमाराला यायचं, ऊन थेट ओटीवर येईल तेव्हा. मोबाइलवर एक तरी का नाही काढून ठेवला, असं सगळे मला नंतर विचारत होते. मला तेव्हा ते सुचलं नाही. माझ्या डोक्यात संध्याकाळचं ऊन बसलं होतं.

निघताना मी मामीला सगळं सांगितलं. आईला दाखवायचाय, मोठा करून भिंतीवर लावायचाय. "आणि मामी, काही करू नका हं. घर आहे तसंच छान आहे." मामी हसली. "हो गं बाई," म्हणाली. चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्याकडे बघून आपण हसतो ना, तसंच हसली. ते माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या रविवारी गल्लीच्या तोंडाशीच मला ऑइलपेंटचा वास आला. कुणाच्या घरी लग्न दिसतंय, असं म्हणत मी पुढे गेले.

लग्न कुणाचंच नव्हतं. भिंती गुलाबी झाल्या होत्या. साधा गुलाबी नाही, बर्फाच्या गोळ्यावर सरबत ओततात तसला. दार, खिडकीचे गज, माळ्याची जाळी, कठडा आणि सगळेच्या सगळे खांब करड्या रंगाचे, चकचकीत. "कपाटांचाच रंग, ताई," मामेभाऊ म्हणाला, "गाळ्यावरून स्प्रे मशीन आणली, दोन हात मारलेत. एकदम फॅक्टरी फिनिश. दहा वर्षं बघायला नको." उजवीकडचा खांब कुठला आणि डावीकडचा कुठला, ते ओळखू येत नव्हतं. मी डाग होता तिथे बोट नेलं. "हात नको लावू, ओला आहे," असं त्याची बायको म्हणाली आणि पटकन जुनं फडकं घेऊन आली.

मामीने ठेवणीतली रेशमी साडी नेसली होती. गळ्यात सगळं सोनं. मामेभावाने शर्टाची घडी मोडली होती, सुनेने केस सोडले होते. चार लाल खुर्च्या, त्यातली एक माझ्यासाठी. ताटलीत सुकेळी, म्हणजे आमच्याकडची उन्हात सुकवलेली केळी, आणि कडेला फरसाण.

मला भयंकर राग आला. वाटलं, कॅमेरा बॅगेत टाकावा आणि चालतं व्हावं. एका आठवड्यात यांनी सगळं पुसून टाकलं, आणि तेही माझ्याचमुळे. मी आले नसते तर ते घर अजून दहा वर्षं तसंच राहिलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मामीला ते आनंदाचं वाटलं. तिने माझा हात धरला.

"तू आलीस तेव्हा घराची काय कळा होती. मला रातभर झोप नाय," ती म्हणाली. "वन्सं बघनार. त्यांचं घर गेलं, आन आम्ही हे एक ऱ्हायलंय ते बी नीट ठेवलं नाय, असं त्यांना वाटलं असतं. पोराला सांगितलं, काय पन कर, रविवारच्या आत घर रंगलं पायजे."

मी सुकेळी खाल्ली. मग मोरीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. ऊन अगदी मला हवं तसं ओटीवर आलं होतं. मी चौघांना हसायला सांगितलं, खरं तर तिघांनाच, चौथी खुर्ची माझी रिकामी. बरेच फोटो काढले. एकदा त्यांना बाजूला व्हायला सांगून नुसत्या घराचेही काढले. फणसाने बिल्डिंग झाकली होती, तेवढं एक जमलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते, आईला काय दाखवायचं. तिला दार बघायचं होतं, ओटी बघायची होती, खांब बघायचा होता. आहे म्हटलं तर सगळं होतं. घरी आल्यावर मी दार लावून कॉम्प्युटरवर बसले आणि त्या नुसत्या घराच्या फोटोतला रंग काढून टाकला. काळा-पांढरा केला. थोडा पिवळटपणा दिला, कडा मळकट केल्या. जमलं. गुलाबी भिंत चुन्यासारखी दिसायला लागली, करडे खांब लाकडासारखे. डाग मात्र काही केल्या आणता येईना. मी तिथे जरा सावली गडद केली. मला ते करताना बरं वाटत नव्हतं, पण आईचं ते "किती दिवस ऱ्हायले" सारखं आठवत होतं.

आईने चष्मा लावला, पुढे वाकली, आणि दोन क्षणांत मागे सरकली. "हे मेल्यावानी कशाला केलंस? रंगाचा दाखव की. वयनीचा फोन आलेला मगाशी. गुलाबी दिलाय म्हनं."

मामीने फोन केला असणार हे मला कसं सुचलं नाही कोण जाणे. मी निमूटपणे रंगीत फोटो लावला, माणसांचा. मनाची तयारी केली होती की आता आईचा चेहरा उतरणार.

ती बघत राहिली. आधी माणसं बघितली. "वयनी थकली गं," म्हणाली. मग तिचं बोट हळूहळू पडद्यावरून फिरायला लागलं. पायऱ्या. दार. दाराच्या बाजूचा दिव्याचा कोनाडा. माळ्याची जाळी, आमच्या घरच्या जिच्या जोडीतून ती आणि तिची बहीण खाली कोण आलंय ते बघायच्या. उजवीकडच्या खांबाशी बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. मी म्हटलं, "आई, गेल्या रविवारी तो डाग होता गं. आपल्यासारखाच. मी हात लावला होता. त्यांनी रंगवून टाकला." मला वाटलं, ती मला जवळ घेईल किंवा निदान मामीला चार शब्द बोलेल.

"मग?" आई म्हणाली. "घर ऱ्हायलंय ना त्यांचं? ज्याचं ऱ्हातं तो रंगवतो. आपलं असतं तर आपन बी रंगवलं असतं."

आईचे डोळे भरून आले होते, पण ती फोटोवरून नजर काढत नव्हती. मी इतकी वर्षं गावोगावची न रंगवलेली घरं गोळा करत हिंडले, आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की आपल्याला हवं होतं ते याच्या अगदी उलट होतं. एक घर, ज्याला आपण हवा तो भडक रंग देऊ शकलो असतो. मामीचा मला पहिल्यांदाच हेवा वाटला, आणि तो रागापेक्षा जास्त दुखत होता.

मग आईने पदराने चष्मा पुसला. "पन गुलाबी नसता दिला," ती म्हणाली. "वयनीला रंगातलं कधीच कळलं नाय. पश्चिमेचं ऊन येतं, गुलाबी विटतो. आपन पिवळा दिला असता. फिका, लोन्यासारखा."

"आणि खिडक्यांना हिरवा," मी म्हटलं.

"हिरवाच. बाबांना हिरवा आवडायचा."

"खांबांना मात्र काही लावायचं नाही हं, आई. सागाचे आहेत ते."

"लावायचा," ती म्हणाली. "पावसाचा मारा समोरून. लाकूड सडतं."

"अगं, तेलपाणी करायचं. रंग नाही द्यायचा."

"तुला नाय कळत. घर माझं हाय."

मी खुर्ची तिच्या जवळ ओढून घेतली. "बरं," मी म्हटलं, "मग खांबांना कुठला?"

आई विचार करायला लागली.